शनिवारवाड्याचे भूत कोणाच्या सोयीचे?

पुण्याच्या शनिवारवाड्यात अमावास्येच्या रात्री ‘काका, मला वाचवा’ अशी आरोळी ऐकू येते, ही आख्यायिका महाराष्ट्रात ऐकली नाही असा माणूस विरळा. कोणी अमावास्या सांगतो, कोणी पौर्णिमा. पण आरोळीबद्दल सर्वांचे एकमत असते. देशातील झपाटलेल्या वास्तूंची यादी कोठेही छापली गेली की तीत हा वाडा हटकून असतो. पुरोगामी मंडळी बहुधा या गोष्टीकडे हसून दुर्लक्ष करतात. भूत नसते हे ठरलेलेच आहे, तेव्हा त्यावर शाई कशाला खर्चावी, असा त्यांचा हिशेब असतो. हा हिशेब अपुरा आहे. एखादी भुताची गोष्ट अडीचशे वर्षे टिकते तेव्हा ती कोणाच्या तरी उपयोगी पडत असते. ती काय लक्षात ठेवायला लावते आणि काय विसरायला लावते, हे तपासणे समाजवादी कार्यकर्त्याच्या कामातच येते.

नाशिकच्या वाचकाने ही पुण्याची भानगड म्हणून बाजूला सारण्याचे कारण नाही. ज्या पेशव्याची ती आरोळी समजली जाते त्या नारायणरावाची आई गोपिकाबाई हिने आयुष्याची अखेरची वर्षे नाशिकजवळ गोदातीरी गंगापूरला काढली आणि १७८८ साली ती नाशिकक्षेत्रीच वारली. ज्या बाईच्या माथी त्या खुनाचे खापर फोडले गेले तिच्या नावाचे आनंदवल्ली आज नाशिक महापालिकेच्या हद्दीत आहे. राघोबादादाने तेथे वाडा बांधला, आणि आनंदीबाईने १७९४ साली तेथेच देह ठेवला. गंगापूर आणि आनंदवल्ली यांच्यामध्ये काही मैलांचेच अंतर आहे. म्हणजे खुनाची जागा पुण्यात असली, तरी त्या खुनाने उद्ध्वस्त केलेली दोन्ही घरे नाशिकच्या शिवारात होती.

खून कसा झाला

इतिहासाने जे नोंदवले आहे ते भुताच्या गोष्टीपेक्षा अधिक भीषण आहे. थोरले माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला वारले आणि पेशवाईची वस्त्रे धाकट्या नारायणरावास मिळाली. पानिपतानंतरच्या कर्जाचा बोजा पुरता फिटलेला नव्हता. चुलता रघुनाथराव गादीवर हक्क सांगत होता आणि शनिवारवाड्यातच नजरकैदेत होता. कायस्थ प्रभूंच्या धर्मकर्माच्या हक्कांवर नारायणरावाच्या कारकिर्दीत निर्बंध लादले गेले. त्यामुळे दुखावलेली प्रभू मंडळी दादाच्या बाजूला झुकली. गादीचा वाद, जातीचा वाद आणि पैशाची ओढाताण हे तिन्ही एका वाड्यात एकत्र आले होते.

३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सवाच्या दिवसांत, गारद्यांनी पगाराच्या थकबाकीचे निमित्त करून बंड उभारले. गारदी म्हणजे कवायती पायदळातील भाडोत्री शिपाई. सुमेरसिंग, खरगसिंग, महंमद इसफ हे त्यांचे म्होरके होते. वाड्याच्या एका अर्धवट बांधलेल्या दरवाजातून ते आत घुसले. अठरा वर्षांचा पेशवा धावत जाऊन चुलत्याच्या गळ्यात पडला. तुळाजी पवाराने त्याला ओढून काढले आणि गारद्यांनी त्याचे तुकडे केले. चाफाजी टिळेकर नावाचा सेवक धन्याला वाचवण्यासाठी आडवा आला आणि त्याच्याबरोबर कापला गेला. वाड्यातील आणखीही माणसे त्या कत्तलीत पडली. ज्या दरवाजातून पेशव्याचा देह बाहेर काढला त्याला पुढे नारायण दरवाजा हे नाव पडले.

हे सारे भर दुपारी घडले. पेशवा सकाळी पर्वतीला जाऊन आला होता आणि जेवणानंतर विश्रांती घेत होता. आख्यायिकेने मात्र आरोळी रात्रीवर नेऊन ठेवली. खून दिवसाढवळ्या झाला, अनेकांच्या डोळ्यांदेखत झाला, ही त्या घटनेतील सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट होती. रात्रीचा अंधार घातल्यावर साक्षीदारांचा प्रश्नच उरत नाही.

दाव्यांची पारख

आता अद्‌भुताच्या दाव्याकडे वळावयास हवे. शनिवारवाड्याचा पाया पहिल्या बाजीरावाने १७३० च्या जानेवारीत घातला आणि १७३२ च्या जानेवारीत वास्तुशांत झाली. वरचे मजले लाकूड आणि विटांचे होते. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी वाड्याला आग लागली आणि ती सात दिवस धुमसत राहिली. आज तेथे तट, बुरूज, दरवाजे, जोती आणि कारंजी उरली आहेत. ज्या दालनांतून तो मुलगा धावला ती दालने जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी राख झाली. भूत वास्तूला बांधलेले असते असे मानले, तर त्याची वास्तूच शिल्लक नाही.

वाडा रानात नाही. एका अंगाला शनिवार पेठ, दुसऱ्या अंगाला कसबा पेठ, पुढून वाहता रस्ता. पिढ्यान्‌पिढ्या शेकडो कुटुंबे त्याच्या सावलीत झोपत आली आहेत. वाड्यापुढच्या पटांगणात संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत रात्री उशिरापर्यंत सभा चालत. हजारो कामगार आणि विद्यार्थी तेथे मांडी घालून बसत; त्यांना ध्वनिक्षेपकाखेरीज काही ऐकू आल्याचे कोणी सांगत नाही. आरोळीचा अनुभव सांगणारा मनुष्य बहुधा तो दुसऱ्या कोणाला तरी आलेला असल्याचे सांगतो. पारखून घेता येईल असा पुरावा आजवर पुढे आलेला नाही. जुन्या तटावरून वाहणारा वारा, घुबडाचा घूत्कार, रस्त्यावरील कोलाहल, आणि आता काही तरी ऐकू येणार अशी आधीच तयार झालेली मनाची अपेक्षा, एवढ्यावर अंधारात एखादा शब्द उभा राहतो. मूळचे केरळचे आणि श्रीलंकेत स्थायिक झालेले विवेकवादी अब्राहम कोवूर यांनी १९६३ साली चमत्कार सिद्ध करणाऱ्यास एक लाख रुपये देण्याचे जाहीर केले होते. १९७८ साली ते वारले, तोवर ती रक्कम कोणीही जिंकली नाही.

झपाटलेल्या घराला बाजारभाव असतो, हेही ध्यानात घ्यावे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील ॲमिटीव्हिल गावात १९७४ साली एका तरुणाने आईबाप आणि चार भावंडे यांना गोळ्या घालून ठार केले. पुढच्या वर्षी त्या घरात राहावयास आलेले एक कुटुंब अठ्ठावीस दिवसांत बाहेर पडले आणि भुताटकीच्या कहाण्या सांगू लागले. १९७७ साली त्यावर पुस्तक आले, १९७९ साली चित्रपट आला, आणि त्याच वर्षी खुन्याच्या वकिलाने, ही गोष्ट त्या दांपत्यासह मद्याच्या बाटल्या रिचवीत बसून रचली होती, असे सांगून टाकले. त्या घरात नंतर राहिलेल्यांना त्रास झाला तो भुतांचा नव्हे, बघ्यांचा. सहा मेलेल्या माणसांची नावे किती जणांना आठवतात? घराचे नाव मात्र जगाला पाठ आहे. जेथे खून झाला तेथे भूत उभे राहिले की खुनाची चौकशी मागे पडते आणि तिकीटविक्री पुढे येते.

आरोळी एकाचीच का?

शनिवारवाड्याच्या आख्यायिकेतील खरी मेख येथेच आहे. त्या दुपारी मेलेल्यांत पेशवा एकटाच नव्हता. धन्यासाठी आडवा पडलेल्या चाफाजी टिळेकराची आरोळी कोणी ऐकलेली नाही. ज्यांची नावेही सर्वसामान्य वाचकापर्यंत पोचली नाहीत त्या नोकरचाकरांचे भूत कोणाला दिसत नाही. पुढे २५ ऑक्टोबर १७९५ रोजी याच वाड्यात सवाई माधवराव सज्जावरून खाली पडला आणि दोन दिवसांत गेला. तोही पेशवाच होता, पण त्याच्या मरणाला नाट्य कमी म्हणून त्याच्याही वाट्याला भूतपण फारसे आले नाही. लोकांची स्मृती राजपुत्राला आवाज देते आणि चाकराला मुका ठेवते. सरंजामशाही संपली तरी तिची उतरंड भुतांच्या गोष्टींत शाबूत राहते, ती अशी.

मराठी मुलखातील एकंदर भूतसृष्टी याच नियमाने चालते. ब्रह्मसमंध आणि मुंजा हे ब्राह्मणांचे, खवीस मुसलमानाचा, वेताळ सर्वांचा राजा. बाईच्या जातीला जखीण आणि हडळ. बाळंतपणात किंवा त्यानंतरच्या दिवसांत मेलेली बाई हडळ होते, असा समज खेडोपाडी आहे. जिला वेळेवर औषध मिळाले नाही, रक्त मिळाले नाही, जिच्यासाठी दवाखान्यात न्यायला बैलगाडीही वेळेवर जुंपली गेली नाही, ती मेल्यावर तिच्यापासूनच गावाला भय! जी समाजाच्या हेळसांडीची बळी ठरली तिलाच अपराधी ठरवून समाज आपली सुटका करून घेतो. जिवंतपणी जात आणि लिंग यांनी जी जागा नेमून दिली तीच मेल्यानंतरही भोगावी लागते. या अर्थाने भुतांची यादी हे समाजव्यवस्थेचे एक प्रामाणिक दप्तर आहे.

‘ध’ चा ‘मा’ आणि डाकीण

दुसरी मेख आनंदीबाईची. दादाने गारद्यांना दिलेल्या लेखी हुकमात ‘धरावे’ होते, ते तिने ‘मारावे’ केले, अशी ही प्रसिद्ध हकीकत. ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासात हा बदल आनंदीबाईचा असल्याचे सांगितले, ते सर्वसाधारण समज म्हणून. पण समज आणि पुरावा यांत फरक आहे. हुकूम दादाच्या नावाचा, गारदी दादाच्या पैशाचे, गादी मिळाली ती दादाला, आणि मराठी भाषेत कायमची म्हण झाली ती बायकोच्या नावावर! ज्याला फायदा झाला त्याची सोडवणूक एका अक्षराने करून दिली गेली.

त्यानंतरचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. गारद्यांच्या म्होरक्यांपैकी जे हाती लागले त्यांना देहान्त शिक्षा झाली. रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयास गेला. १७७५ च्या सुरतेच्या तहाने त्याने साष्टी आणि वसई देऊ केली, आणि त्याच्या गादीपायी मराठी मुलूख सात वर्षे युद्धात होरपळला. १७८२ च्या सालबाईच्या तहाने त्याच माणसाला दरमहा पंचवीस हजार रुपयांची नेमणूक ठरली. कोपरगावी तो १७८३ च्या अखेरीस अंथरुणावर मेला. शिपायाला सुळी आणि सरदाराला तनखा, असा तो न्याय होता. आरोळीच्या आख्यायिकेत यातील एकही गोष्ट येत नाही. तीत एक निष्पाप मुलगा आहे, एक दुष्ट बाई आहे आणि अंधार आहे. राज्यव्यवस्था, पैसा आणि परकीय सत्तेशी केलेला सौदा यांचा मागमूस तीत नाही.

नाशिक जिल्ह्यातील कार्यकर्त्यांना हे गणित ओळखीचे वाटेल. येथील आदिवासी पाड्यांवर डाकीण ठरवून बाईला मारहाण झाल्याची, प्रसंगी जीव घेतल्याची प्रकरणे न्यायालयांपर्यंत गेली आहेत. गावात मूल दगावते, गुरे मरतात, ताप हटत नाही. आरोग्यकेंद्र दूर असते, डॉक्टर जागेवर नसतो. भगत बोट दाखवतो ते एखाद्या वृद्ध विधवेकडे, आणि पुष्कळदा तिच्या नावावर जमिनीचा तुकडा असतो. आनंदीबाई सरदारघराण्यातील होती म्हणून तिच्या वाट्याला म्हण आली. गरीब बाईच्या वाट्याला दगड येतात. दोन्ही ठिकाणी रीत एकच आहे. संकटाचे कारण व्यवस्थेत असते, आणि त्याची किंमत बाईकडून वसूल होते.

गोपिकाबाईचे नाव या गोष्टीत कोठेच नाही, हेही लक्षात घेण्याजोगे. तिचा एक मुलगा पानिपतावर पडला, दुसरा क्षयाने गेला, तिसरा घरातच कापला गेला. शेवटी ती भिक्षेवर निर्वाह करीत होती असे सांगतात. त्या आईचा शोक गंगापूरच्या घाटावर प्रत्यक्ष घडला होता. त्याची आठवण ठेवण्यासाठी अमावास्येची गरज नव्हती; म्हणूनच बहुधा त्याची आख्यायिका झाली नाही.

रामशास्त्र्यांचा वारसा

या सर्व प्रकरणात एक माणूस असा होता की ज्याने आरोळीकडे नव्हे, साक्षीपुराव्याकडे कान दिला. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली, राज्यकर्ताच दोषी आहे असा निष्कर्ष काढला, आणि तो त्याच्या तोंडावर सांगितला. या पापाला देहान्ताखेरीज प्रायश्चित्त नाही, असे त्यांनी बजावल्याचे परंपरा सांगते. अशा राज्यात राहणार नाही म्हणून ते पुणे सोडून गेले. त्या निवाड्याची अंमलबजावणी झाली नाही हे खरे. तरीही सत्ताधाऱ्याचा गुन्हा गुन्हा म्हणून नोंदला गेला, हे त्या काळात लहान काम नव्हते.

मागील पिढ्यांनी याचे मोल ओळखले होते. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०९ साली ‘भाऊबंदकी’ लिहिले तेव्हा परकीय सत्तेखाली जगणाऱ्या प्रेक्षकांपुढे त्यांनी सिंहासनाला न भिणारा न्यायाधीश उभा केला. प्रभात कंपनीने १९४४ साली चित्रपट काढला तो ‘रामशास्त्री’ या नावाने. त्या काळातही लोक भुतांना मानत होते; पण या खुनाचा नायक कोण, याबद्दल त्यांचा गोंधळ नव्हता. आज वाडा पाहून परतणाऱ्या मुलाला आरोळी ठाऊक असते आणि रामशास्त्री ठाऊक नसतात. ही घसरण भुतावरच्या श्रद्धेपेक्षा अधिक चिंताजनक आहे.

शनिवारवाड्यापासून पायी काही मिनिटांच्या अंतरावर मुठेवर महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पूल आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी त्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकर यांना गोळ्या घालण्यात आल्या. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची स्थापना त्यांनी १९८९ साली केली होती, साने गुरुजींनी सुरू केलेल्या ‘साधना’चे ते संपादक होते, आणि जादूटोणाविरोधी कायद्यासाठी सुमारे अठरा वर्षे ते सरकारदरबारी खेटे घालीत होते. जिवंतपणी जो कायदा मिळाला नाही त्याचा वटहुकूम त्यांच्या खुनानंतर चार दिवसांत निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने कायदा संमत केला. १० मे २०२४ रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांची मुक्तता केली. पिस्तूल चालवणारे हात सापडले; त्यामागील डोके कोणाचे, हा प्रश्न त्या निकालानेही मिटला नाही.

म्हणजे अडीचशे वर्षांनंतरही प्रश्न तोच राहिला आहे. गारदी कोण होते हे तेव्हाही लपले नव्हते. त्यांच्यामागे कोण होते हे विचारण्याचे धैर्य रामशास्त्र्यांनी दाखवले. ज्या समाजाला आरोळी ऐकण्याची सवय लागते आणि हा प्रश्न विचारण्याची सवय सुटते, त्या समाजात खून करवणारे निर्धास्त असतात.

करावयाचे काम

भुताची गोष्ट सांगणे हा गुन्हा नाही आणि तो कोणी करूही नये. २०१३ चा कायदाही श्रद्धेला किंवा गोष्टीला हात लावत नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, कोणावर करणी केल्याचा किंवा भूत लावल्याचा आळ घेऊन त्याचे जगणे अशक्य करणे, अशा कृत्यांसाठी त्यात सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड आहे. हा कायदा पाड्यापर्यंत पोचवणे, पोलीसठाण्यात तक्रार नोंदवून घेण्याचा आग्रह धरणे आणि आळ आलेल्या बाईच्या पाठीशी उभे राहणे हे कार्यकर्त्याचे पहिले काम. वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे राज्यघटनेत १९७६ पासून नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून लिहिलेले आहे. ते भिंतीवर लावण्यापुरते राहू नये.

दुसरे काम गोष्टीला गोष्टीनेच उत्तर देण्याचे आहे. लोकांच्या भीतीची टवाळी केल्याने भीती जात नाही, ती फक्त कार्यकर्त्यापासून लपवली जाते. शनिवारवाड्याची हकीकत सांगावी, पण पुरती सांगावी: थकलेल्या पगारापासून सालबाईच्या तनख्यापर्यंत, आणि चाफाजी टिळेकरापासून रामशास्त्र्यांच्या निवाड्यापर्यंत. दाभोलकरांचा स्मृतिदिन २० ऑगस्टला आणि नारायणरावाच्या खुनाची तारीख ३० ऑगस्ट. मधले दहा दिवस पक्षाच्या शाखांना प्रबोधनासाठी सहज योजता येतील. पुण्याच्या शाखांनी वाड्यात भर दुपारी जाऊन तरुणांना ही हकीकत सांगावी. नाशिकच्या शाखांनी आनंदवल्लीत आनंदीबाईवरील आळाची आणि गंगापूरला गोपिकाबाईच्या शोकाची कथा सांगावी, आणि तेथून थेट डाकीणप्रथेवर बोलावे. पेठ आणि सुरगाण्याच्या पाड्यांवर हीच सभा आरोग्यकेंद्राच्या दारात घ्यावी, आणि तेथे डॉक्टर का नाही हा प्रश्न त्याच सभेत जिल्हा परिषदेला विचारावा.